एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणजे काय? संस्थेचा नकाशा काढणारी सॉफ्टवेअर आणि आपली शाळा



हल्ली पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. "बाई, थोरल्याला पुण्यात कंपनीत नोकरी लागली. तो सांगतो, एंटरप्राइज आर्किटेक्चरच्या टीममध्ये आहे. पण तो घरं तर बांधत नाही, मग आर्किटेक्चर कसलं?" प्रश्न अगदी रास्त आहे. आणि उत्तर समजून घेतलं तर आपल्या शाळेच्या कामातही ते उपयोगी पडतं, म्हणून आजचा हा लेख.

एकेक खोली वाढवलेलं घर

गावाकडची जुनी घरं आठवा. थोरल्याचं लग्न झालं, मागे एक खोली काढली. म्हैस घेतली, बाजूला गोठा आला. नळ आला तेव्हा मोरी पुढच्या पडवीत सरकली. प्रत्येक बदल त्या त्या वेळी बरोबरच होता. पण तीस वर्षांनी कुणी विचारलं की ही मधली भिंत पाडली तर वरचं काय काय खाली येईल, तर सांगणारा कोणी नसतो. ज्या गवंड्याने बांधली तो केव्हाच गेला.

मोठ्या कंपन्यांचं, बँकांचं, सरकारी खात्यांचं असंच होतं. पगारासाठी एक सॉफ्टवेअर घेतलं, ग्राहकांच्या तक्रारींसाठी दुसरं, मालाच्या साठ्यासाठी तिसरं. मध्येच एक कंपनी विकत घेतली, तिची चार सॉफ्टवेअर सोबत आली. मग साहेब विचारतात, "हे जुनं बंद केलं तर किती वाचतील?" आणि कोणालाच उत्तर देता येत नाही, कारण त्या जुन्यावर कोण कोण अवलंबून आहे हे एका ठिकाणी लिहिलेलंच नसतं. संस्थेतली माणसं, त्यांची कामं, त्यासाठी लागणारी माहिती, सॉफ्टवेअर आणि यंत्रं यांचा एकमेकांशी असलेला संबंध मांडणं, आणि त्यावरून पुढचे बदल ठरवणं, याला एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणतात. घराचा नाही, तर संस्थेचा नकाशा.

सहा 'क'

या विषयाची सुरुवात सांगताना जॉन झॅकमन यांचं नाव घेतलंच जातं. ते आयबीएम कंपनीत होते. १९८७ साली कंपनीच्याच शोधपत्रिकेत त्यांनी एक लेख लिहिला आणि त्यात एक तक्ता मांडला. पुढे १९९२ मध्ये जॉन सोवा यांच्याबरोबर त्यांनी तो वाढवला. तक्त्याच्या उभ्या रकान्यांत सहा प्रश्न आहेत : काय, कसं, कुठे, कोण, केव्हा आणि का. आपण बातमीलेखन शिकवताना फळ्यावर लिहितो तेच सहा 'क'! आडव्या ओळींत मात्र बघणारा बदलतो. मालकाला जे दिसतं ते वरच्या ओळीत, रचना करणाऱ्याला जे दिसतं ते त्याखाली, प्रत्यक्ष बांधणाऱ्याला जे दिसतं ते आणखी खाली.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट ही. वस्तू एकच, पण मुख्याध्यापकांना, वर्गशिक्षकाला आणि केंद्रातल्या डेटा एंट्री करणाऱ्या माणसाला ती वेगळी दिसते. तिघांचंही खरं असतं.

झॅकमन यांचा तक्ता म्हणजे कपाटाचे कप्पे. कप्प्यात वस्तू कोणत्या क्रमाने भरायच्या हे तो सांगत नाही. ती पद्धत 'टोगॅफ' नावाच्या आराखड्यात आहे. 'द ओपन ग्रुप' ही संस्था तो प्रसिद्ध करते. पहिली आवृत्ती १९९५ ची, दहावी २०२२ ची. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आधीच्या कामावर तो उभा राहिला. त्याच्या पायऱ्यांत मी इथे शिरत नाही, परीक्षा देणाऱ्यांसाठी ते ठीक आहे.

खुणांची भाषा

नकाशा म्हटला की खुणा ठरलेल्या हव्यात. भूगोलाच्या नकाशात रेल्वेमार्ग कसा दाखवायचा, विहीर कशी दाखवायची, हे ठरलेलं असतं, म्हणून कुणीही काढलेला नकाशा कुणालाही वाचता येतो. संस्थेच्या नकाशासाठी अशी एक भाषा २००२ ते २००४ या काळात नेदरलँड्समध्ये तयार झाली, तिचं नाव 'आर्किमेट'. २००८ मध्ये ती ओपन ग्रुपकडे गेली आणि आता आंतरराष्ट्रीय मानक म्हणून वापरली जाते.

आर्किमेटमध्ये तीन मुख्य थर आहेत. वर कामकाजाचा थर, म्हणजे माणसं, त्यांच्या भूमिका, प्रक्रिया. मध्ये सॉफ्टवेअरचा आणि माहितीचा थर. खाली यंत्रांचा, नेटवर्कचा थर. बहुतेक जण वरचा पिवळा, मधला निळा आणि खालचा हिरवा रंगवतात. रंगाची सक्ती नाही, पण सवय तशी पडली आहे. खालचा थर वरच्याची सेवा करतो. संगणक चालला तर सॉफ्टवेअर चालेल, सॉफ्टवेअर चाललं तर दाखला निघेल.

इथे एक गंमत आहे, शिकताना सगळेच गोंधळतात. 'सेवा देणे' हा बाण देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे काढायचा. आपल्याला वाटतं, शिक्षक सॉफ्टवेअर वापरतो, म्हणजे बाण शिक्षकाकडून सॉफ्टवेअरकडे. पण नाही. सॉफ्टवेअर शिक्षकाला सेवा देतं, म्हणून टोक शिक्षकाकडे. मी हे असं लक्षात ठेवते : वाढणाऱ्याकडून पानाकडे.

चित्र वेगळं, मॉडेल वेगळं

आता मुख्य मुद्दा. हे सगळं पेंटमध्ये, पॉवरपॉइंटमध्ये किंवा कार्डशीटवर का काढू नये? चौकोनच तर आहेत!

पॉवरपॉइंटमध्ये काढलेला चौकोन हा फक्त चौकोन असतो. त्यात तुम्ही 'हजेरीपट' लिहिलंत आणि पाचव्या स्लाइडवर पुन्हा एक चौकोन काढून 'हजेरीपट' लिहिलंत, तरी ते दोन एकच आहेत हे संगणकाला माहीत नसतं. एकाचं नाव 'दैनिक हजेरी' केलं तर दुसरा जुन्याच नावाने बसून राहतो. सहा महिन्यांनी कोणता खरा, हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये 'हजेरीपट' ही एक नोंद असते, साठवलेली. चित्रात दिसतं ते त्या नोंदीचं प्रतिबिंब. दहा चित्रांत तो चौकोन वापरा, नाव एका ठिकाणी बदलताच दहाही ठिकाणी बदलतं. चित्रातून काढून टाकला तरी मॉडेलमध्ये तो शिल्लक राहतो. मॉडेलमधून काढला तर सगळ्या चित्रांतून जातो. म्हणून काढताना कोणतं काढताय ते नीट बघायचं. आणि रेघा सुद्धा नोंदीच असतात. त्यामुळे सॉफ्टवेअरला विचारता येतं, "या चौकोनाला कोण कोण जोडलेलं आहे?"

हा एक प्रश्न विचारता येणं, यासाठीच सगळा खटाटोप. बाकी सुंदर रंग, सुबक चौकोन वगैरे दुय्यम.

आपल्या जनरल रजिस्टरचं उदाहरण घ्या. मुलाचं नाव तिथे एकदा लिहिलं जातं. दाखला, निकालपत्रक, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं त्यावरून निघावं, ही मूळ कल्पना. मॉडेल म्हणजे संस्थेचं जनरल रजिस्टर समजा, आणि चित्रं म्हणजे त्यावरून काढलेले दाखले.

आर्किशुरन्स : शिकण्यासाठी रचलेली विमा कंपनी

आर्किमेट शिकवण्यासाठी एक काल्पनिक कंपनी वापरतात, आर्किशुरन्स. तीन विमा कंपन्या एक होऊन ती झाली. एक घराचा आणि प्रवासाचा विमा करणारी, दुसरी गाडीचा, तिसरी कोर्टकचेरीच्या खर्चाचा. बाहेरून पाटी एक झाली, फोन उचलणारं केंद्र एक झालं. पण आत? तिन्हींची मागची सॉफ्टवेअर वेगळीच राहिली. कोर्टखर्चाच्या विम्याची ग्राहकनोंद सुद्धा वेगळी.

कल्पना करा, एका बाईंचा घराचा विमाही इथे आहे आणि कोर्टखर्चाचाही. त्यांनी घर बदललं, पत्ता कळवला. एका नोंदीत बदलला, दुसरीत राहिला. दाव्याचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. बाईंच्या दृष्टीने कंपनी एक, कंपनीच्या दृष्टीने बाई दोन!

आता निर्णय घ्यायचा आहे. तीन सॉफ्टवेअर ठेवायची की एक करायचं? नुसत्या चर्चेत प्रत्येक जण आपलंच चांगलं म्हणणार. (शिक्षक परिषदेचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) मॉडेल समोर असेल तर चर्चा बदलते. दावा नोंदवणे, तपासणे, रक्कम देणे या त्याच पायऱ्यांना तीन वेगवेगळे निळे चौकोन सेवा देताना दिसतात. त्यातला एक काढला तर कोणती प्रक्रिया अडेल, कोणती माहिती हलवावी लागेल, कोणतं यंत्र मोकळं होईल, हे रेघांवरून मोजता येतं.

मग आजची स्थिती एका चित्रात, हवी असलेली स्थिती दुसऱ्या चित्रात. दोन्हींतला फरक म्हणजे करायचं काम. एका उडीत तिथे पोचता येत नाही, म्हणून मधले टप्पे ठरवतात. आर्किमेटमध्ये अशा टप्प्याला 'प्लॅटो' म्हणजे पठार म्हणतात. घाट चढताना मध्ये पठार लागतं, तिथे थांबून श्वास घेता येतो, गाडीही लावता येते. शब्द मला फार नेमका वाटला. प्रत्येक टप्प्यावर संस्था चालू राहिली पाहिजे, अर्धवट उघडी पडता कामा नये.

सॉफ्टवेअरची छाननी करायला कंपन्या आणखी एक साधी चौकट वापरतात, गार्टनर कंपनीची. दोन प्रश्न : हे कामाला किती उपयोगी, आणि आतून किती धड? त्यावरून चार गट पडतात. उपयोगी आणि धड असेल तर त्यात पैसे घाला. उपयोगी पण आतून कुजलेलं असेल तर काम नव्या जागी हलवा. धड आहे पण फारसं उपयोगाचं नाही, तर तूर्त चालवून घ्या. दोन्ही नाही, तर काढून टाका. शाळेतल्या कपाटांनाही लावून बघा.

आता आपल्या शाळेचं मॉडेल

यासाठी 'आर्ची' नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. फिल बोव्हॉर यांनी ब्रिटनमध्ये ते तयार केलं, २०१० पासून उपलब्ध आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. वरची आर्किशुरन्स नमुना म्हणून त्यात दिलेलीच आहे, ती आधी उघडून पाहा. नवीन मॉडेल सुरू केलं की डावीकडे सगळ्या नोंदींची यादी, मध्ये कोरं पान आणि उजवीकडे खुणांची पेटी दिसते. पेटीतली खूण पानावर ठेवायची, नाव द्यायचं, रेघ ओढायची. दोन खुणांमध्ये जो संबंध नियमात बसत नाही तो सॉफ्टवेअर जोडूच देत नाही. सुरुवातीला राग येतो, नंतर कळतं की तो शिक्षकाचा लाल पेन आहे.

समजा पहिली ते पाचवीची शाळा, चार शिक्षक, १२० मुलं. पिवळ्या थरात भूमिका टाका : मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, पोषण आहार सांभाळणारे शिक्षक, स्वयंपाकी ताई. प्रक्रिया टाका : प्रवेश, रोजची हजेरी, आहाराची नोंद, शिष्यवृत्तीचा अर्ज. निळ्यात जी जी पोर्टल आणि अ‍ॅप वापरता ती. हिरव्यात शाळेचा संगणक आणि ज्यांच्या मोबाइलवर काम चालतं ते मोबाइल, एकेक वेगळा.

रेघा ओढायला लागलात की प्रश्न आपोआप उभे राहतात.

पहिला प्रश्न तांदळाचा. हजेरी ही एकच माहिती, पण ती वर्गातल्या हजेरीपटातही जाते आणि आहाराच्या नोंदीतही. प्राथमिक वर्गांना माणशी १०० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. हजेरीपटावर ११२ आणि आहाराच्या नोंदीत १२० असं एखाद्या दिवशी गेलं, तर ८०० ग्रॅमचा फरक. असंच महिन्यातले २० दिवस झालं तर १६ किलो. पोत्यातला तांदूळ आणि वहीतला तांदूळ जुळत नाही, आणि उत्तर द्यायला उभी राहते ती आहार सांभाळणारी बाई, जिने एक दाणाही घरी नेलेला नाही. मॉडेलमध्ये दिसतं की दोन नोंदी स्वतंत्रपणे भरल्या जातात, त्यांच्यात रेघच नाही. उपाय छोटा आहे : आहाराचा आकडा हजेरीपटाच्या बेरजेवरूनच उचलायचा, आणि तो कोणी व किती वाजता द्यायचा हे ठरवायचं.

दुसरा प्रश्न नावाचा. ईश्वरी नावाच्या मुलीचं इंग्रजी स्पेलिंग एका नोंदीत 'डब्ल्यू'ने आहे, दुसरीत 'व्ही'ने. मुलगी एक, पण संगणकाला ती दोन वाटते आणि अर्ज अडकतो. आर्किशुरन्सच्या बाईंची गोष्ट इथे आपल्या पहिलीच्या वर्गात येऊन बसते. मॉडेल काढताना 'विद्यार्थ्याची नोंद' हा चौकोन एकच ठेवा आणि स्वतःला विचारा, यात बदल करण्याचा पहिला हक्क कोणत्या वहीला? एकदा 'मूळ' ठरली की बाकी सगळ्या तिच्याशी जुळवून घेतील. पालकांनो, तुमचं काम इथेच आहे. प्रवेशाच्या दिवशी जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासा. पाच मिनिटं लागतात.

तिसरा प्रश्न मोबाइलचा, आणि हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आर्चीत एक खिडकी आहे, 'व्हिज्युअलायझर' नावाची. कोणतीही एक नोंद निवडली की तिला जोडलेलं सगळं जाळं ती काढून दाखवते. चार शिक्षकांपैकी संगणकाची आवड असलेल्या एका सरांचा मोबाइल निवडून बघा. आहाराचं अ‍ॅप त्याच्यावर, शिष्यवृत्तीचा ओटीपी त्याच्यावर, पटनोंदणीचा पासवर्ड त्यातच. शाळेचा अर्धा नकाशा एका खिशात! सर हौसेने करतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मे महिन्यात त्यांची बदली होते, आणि जूनमध्ये शाळा ओटीपीसाठी दुसऱ्या तालुक्यात फोन करत बसते. तोवर शेवटची तारीख गेलेली असते, आणि नुकसान होतं ते ज्या मुलीच्या घरी त्या शिष्यवृत्तीची वाट बघत असतात तिचं.

हे बदलीच्या आधी दिसलं तर निर्णय सोपे आहेत. नोंदणीचा क्रमांक शाळेचा ठेवायचा, प्रत्येक पोर्टल किमान दोघांना यायला हवं, आणि पदभार देताना याद्यांबरोबर हेही सोपवायचं. 'आजचं' आणि 'एप्रिलअखेरचं' अशी दोन चित्रं काढली की काय काय करायचं उरलं ते समोरच दिसतं.

देशपातळीवर

हा विषय फक्त कंपन्यांचा नाही. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ मध्ये 'इंडिया' याच उच्चाराचा, सरकारी खात्यांसाठीचा एंटरप्राइज आर्किटेक्चरचा आराखडा आणला. शिक्षणासाठी 'एनडीईएआर', म्हणजे राष्ट्रीय डिजिटल शिक्षण आराखडा, २९ जुलै २०२१ रोजी जाहीर झाला. एकच भलंमोठं सॉफ्टवेअर सगळ्या देशावर लादण्याऐवजी, एकमेकांशी बोलू शकतील असे छोटे घटक असावेत, ही त्यामागची कल्पना.

बोलायचं तर समान ओळख लागते. ती आपल्या रोजच्या वापरात आहे : ११ अंकी युडायस कोड. पहिले २ अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढचे २ जिल्ह्याचे, २ तालुक्याचे, ३ गाव किंवा वॉर्डाचे आणि शेवटचे २ शाळेचे. नावात 'जि. प.' लिहा नाहीतर 'जिल्हा परिषद' लिहा, कोड एकच. विद्यार्थ्यासाठी १२ अंकी 'अपार' क्रमांक आला तो याच विचाराने.

पैसे आणि मर्यादा

मोठ्या कंपन्या याहून भारी सॉफ्टवेअर घेतात. ऑस्ट्रेलियाच्या स्पार्क्स सिस्टिम्सचं 'एंटरप्राइज आर्किटेक्ट' पुष्कळ ठिकाणी दिसतं, नेदरलँड्सची बिझडिझाइन आहे, जर्मनीची लीनआयएक्स आहे, जी २०२३ मध्ये सॅप कंपनीने विकत घेतली. एकाच वेळी अनेकांनी काम करणं, खर्चाचे आकडे जोडणं, आपोआप अहवाल निघणं, या गोष्टींचे ते पैसे घेतात.

खरं सांगायचं तर चार शिक्षकी शाळेला यातलं काहीच विकत घ्यायची गरज नाही. चाळीस-पन्नास चौकोनांपर्यंत कागद-पेन्सिल पुरते. चौकोन शेकड्यांत गेले, माणसं बदलत राहिली, की मग सॉफ्टवेअर लागतं. आणि एक धोका मोठा. मॉडेल जुनं झालं की ते नसण्यापेक्षा वाईट, कारण लोक त्यावर विश्वास ठेवतात. म्हणून प्रत्येक चित्राला तारीख आणि ते ताजं ठेवणाऱ्याचं नाव हवंच. सगळं काही काढायचा हट्टही धरू नये. आधी निर्णय कोणता घ्यायचा आहे ते ठरवा, आणि त्याला लागेल तेवढंच काढा.

वर्गात करून बघण्यासाठी

पाचवीपासून पुढच्या मुलांबरोबर हा खेळ एका तासिकेत होतो. विषय घ्या 'दुपारचं जेवण ताटात कसं येतं'. स्वयंपाकी ताई, तांदळाचं पोतं, गॅस, पाण्याची टाकी, हजेरी, आहाराची वही, ताटं, घंटा अशी कार्डं करा आणि एकेका मुलाच्या हातात द्या. कोणाला कोण लागतं ते विचारत लोकरीचा धागा एकाकडून दुसऱ्याकडे न्या, देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे. सगळे धागे ताणले गेले की एका मुलाला सांगा, "तू आज आला नाहीस, खाली बस." त्याने हातातले धागे सोडले की कोणाकोणाचे सैल पडतात ते मुलं मोठ्याने सांगतील. मग दुसऱ्याला बसवा. पाण्याच्या टाकीला शेवटी ठेवा, आणि धागे दोनच रंगांचे घ्या : वस्तूंसाठी एक, माहितीसाठी दुसरा.